पुरावा, नाव आणि चित्र : वंशसंहाराची आठवण संग्रहालयात मांडायची कशी?



आज ज्या विषयावर बोलायचं आहे तो महाड-पोलादपूरच्या व्याख्यानाला थोडा लांबचा वाटेल. आउश्वित्झ कुठे, कंबोडिया कुठे आणि आपली सावित्री कुठे! पण आपण इथूनच सुरुवात करू. या दोन तालुक्यांत स्मारकांची वाण नाही. वर रायगड आहे, पायथ्याला पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे, उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. गावात चवदार तळं आहे. लहानपणापासून आपण या जागांवरून ये-जा करतो, शाळेची सहल तिथेच जाते, मुलं तिथे डबा खातात.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ही सगळी स्मारकं ज्यांनी काही तरी केलं त्यांची आहेत. कुणी राज्य उभं केलं, कुणी गड घेतला, कुणी ग्रंथ लिहिला, कुणी ओंजळभर पाणी उचललं. करणाऱ्याची आठवण ठेवणं सोपं असतं, कारण सांगायला गोष्ट असते. तिला आरंभ असतो, शेवट असतो. पण ज्यांनी काहीच केलं नाही, ज्यांच्या बाबतीत फक्त केलं गेलं, त्यांचं काय? एक लहान मूल आहे, ते अमुक समाजात जन्मलं एवढाच त्याचा गुन्हा, आणि म्हणून त्याला मारलं. त्याचे आईवडील मारले, शेजारी मारले, त्याची भाषा बोलणारं गावच राहिलं नाही. त्याचं स्मारक कसं करायचं? पुतळा कसला उभारायचा? आजचा प्रश्न हा आहे.

शब्दांपासून सुरुवात

माझा पिंड तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा, म्हणून आधी शब्द तपासू. आपल्याकडे कत्तल आहे, शिरकाण आहे, हत्याकांड आहे, नरसंहार आहे. वर्तमानपत्रं हे शब्द अदलून-बदलून वापरतात. वंशसंहार हा मात्र वेगळा शब्द आहे आणि तो नवा आहे. ज्या इंग्रजी संज्ञेसाठी आपण तो वापरतो ती १९४४ साली राफाएल लेमकिन नावाच्या पोलिश ज्यू वकिलाने घडवली. पहिल्या महायुद्धात आर्मेनियन लोकांचं जे झालं, त्याने हा माणूस तरुणपणीच अस्वस्थ झाला होता. एका माणसाला मारलं तर खून, आणि अख्ख्या समाजाला मारलं तर त्याला कायद्यात नावच नाही, हे कसं, असा त्याचा प्रश्न होता. पुढे त्याच्या स्वतःच्या घरातली बहुतेक माणसं नाझींनी मारली. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. भारताने त्यावर १९४९ मध्ये सही केली आणि १९५९ मध्ये त्याला संमती दिली.

त्या व्याख्येचा गाभा हेतूमध्ये आहे. राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट, तो गट म्हणूनच, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. किती मेले हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण व्याख्या आकड्यावर उभी नाही.

हे इथल्या माणसांना समजावून सांगायला मला परदेशात जावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला आपल्या तालुक्यात तळियेला दरड आली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही त्याच रात्री माणसं गेली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. हे दुःख कुणापेक्षा कमी नाही. जबाबदारीचे प्रश्न तिथेही असतात, विचारायलाच हवेत. पण तळिये नष्ट व्हावं असं कुणाला वाटत नव्हतं. कुणी बसून तिथल्या लोकांच्या याद्या केल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सगळे मदतीला धावले, माणसं शोधली, नावं लिहून घेतली.

वंशसंहारात याच्या नेमकं उलट होतं. कुणी तरी याद्या करतं, गाड्यांची वेळापत्रकं ठरवतं आणि काम झाल्यावर खुणाही पुसतं. पोलंडमधलं त्रेब्लिंका हे केंद्र काम संपल्यावर नाझींनी पाडलं, जमीन नांगरली आणि तिथे शेतघर बांधून एक कुटुंब राहायला बसवलं. वाटसरूला वाटावं, शेत आहे. हिमलरने १९४३ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की हे आपल्या इतिहासाचं वैभवशाली पान आहे, पण ते कधीही लिहिलं जाणार नाही. म्हणजे विस्मरण हा त्या योजनेचाच भाग होता.

म्हणून दरडीचं स्मारक आणि वंशसंहाराचं संग्रहालय यांची कामं वेगळी. पहिलं शोक करतं. दुसऱ्याला शोकाबरोबर साक्षही द्यावी लागते, कारण समोर नाकारणारा उभा असतो.

वस्तू, आणि तिच्यापुढचा पेच

साक्ष म्हटली की पुरावा आला. आउश्वित्झचं संग्रहालय १९४७ साली पोलंडच्या संसदेने कायदा करून स्थापन केलं. तिथे काचेमागे बुटांचा ढीग आहे, चष्मे आहेत, भांडीकुंडी आहेत. पेट्या आहेत, त्यांच्यावर मालकांनी आपल्या हाताने नावं लिहिलेली, कारण त्यांना सांगितलं होतं की सामान परत मिळेल. आणि एका दालनात केस आहेत. स्त्रियांचे कापलेले केस, सुमारे दोन टन. कारखान्यांना कापड विणण्यासाठी विकायला ठेवलेले.

आता पेच बघा. बूट ही वस्तू आहे. केस हे शरीर आहे. वॉशिंग्टनला १९९३ मध्ये होलोकॉस्ट संग्रहालय उघडलं, त्याच्या तयारीत हा वाद झाला. आउश्वित्झहून काही केस प्रदर्शनासाठी मिळणार होते. छळछावणीतून वाचलेल्या काही स्त्रिया म्हणाल्या, त्यात माझ्या आईचे केस असतील. अखेर ठरलं की केस मांडायचे नाहीत, फक्त छायाचित्र लावायचं. आउश्वित्झमध्ये मात्र ते आजही आहेत. त्या दालनात फोटो काढायला मनाई आहे.

कोण बरोबर? मला दोन्ही बाजू समजतात. आउश्वित्झ ही गुन्ह्याची जागा आहे, आणि गुन्ह्याच्या जागेवरचा पुरावा हलवू नये असं म्हणता येतं. वॉशिंग्टनला ते केस नेणं म्हणजे मृताच्या शरीराला प्रवासाला काढणं. कान्टचं एक सूत्र आम्ही विद्यार्थ्यांना शिकवत असू. माणसाकडे केवळ साधन म्हणून पाहू नका, तो स्वतःच साध्य आहे हे विसरू नका. मृताला आपण संमती विचारू शकत नाही. मग आपल्या चांगल्या हेतूसाठी, म्हणजे लोकशिक्षणासाठी का होईना, त्याचा वापर करण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

माझ्यापुरती मी एक साधी कसोटी ठेवली आहे. त्या माणसाची आई माझ्या शेजारी उभी असती, तर ही गोष्ट मी या भिंतीवर लावली असती का? प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’ असंच येतं असं नाही. कधी कधी आईच म्हणते, लाव, जगाला दिसू दे. पण विचारायला तर हवं.

कंबोडियात हा प्रश्न फार तीव्रपणे आला. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीत तिथे पंधरा ते वीस लाख माणसं मेली. नोम पेन्ह शहरात एका शाळेचा तुरुंग केला होता, तुओल स्लेंग. शाळेचा, हे लक्षात ठेवा. वर्गांत भिंती घालून कोठड्या केल्या. राजवट पडल्यावर त्याचं संग्रहालय झालं. तिथे अनेक वर्षं कवट्यांचा बनवलेला देशाचा नकाशा भिंतीवर होता. २००२ मध्ये तो काढला. बौद्ध समाजात मृतांचे असे अवशेष भिंतीला टांगणं बरोबर नाही, ही भावना होतीच.

पण तिथली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे फोटो. आत आणलेल्या प्रत्येक कैद्याचा फोटो तुरुंगाने काढला होता. ओळीने चेहरे. बाया, पोरं, म्हातारी माणसं. आपण त्यांच्या डोळ्यांत बघतो, ते आपल्याकडे बघतात. पण थांबा, ते आपल्याकडे बघत नाहीयेत. ते कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या तुरुंगाच्या माणसाकडे बघताहेत. आपण नकळत त्याच्या जागी उभे राहिलो आहोत. संग्रहालय हे सांगत नसेल तर ते पाहणाऱ्याची फसवणूक करतं. फोटो कुणी काढला, कशासाठी काढला, ही ओळ फोटोखाली असलीच पाहिजे.

चित्र काढणारा कोण?

इथे कलेचा प्रवेश होतो. त्याच तुरुंगात वान नाथ नावाचा चित्रकार होता. पोल पॉटची चित्रं काढायला उपयोगी म्हणून त्याला जिवंत ठेवलं. तिथून वाचलेल्या मोजक्या माणसांपैकी तो एक. नंतर त्याने जे पाहिलं, ऐकलं ते रंगवलं, आणि ती चित्रं त्याच इमारतीत लागली. २००९ मध्ये तुरुंगाच्या प्रमुखावर खटला चालला तेव्हा वान नाथने साक्ष दिली. तुरुंगाच्या फोटोंत कैदी आहे, पण छळ नाही. तो भाग तुरुंगाने टिपला नव्हता. ती उणीव चित्राने भरून काढली.

दुसरं उदाहरण चेक देशातलं. तेरेझिनच्या वस्तीत नाझींनी हजारो ज्यू कोंडले होते, त्यांत मुलंही होती. फ्रिडल डिकर-ब्रँडाइस नावाची चित्रकार तिथे डिसेंबर १९४२ मध्ये आली. आणता येण्याजोग्या सामानात तिने चित्रकलेचं साहित्य आणलं होतं. ती मुलांना चित्रकला शिकवू लागली. तिचा आग्रह असे की प्रत्येकाने चित्रावर आपलं नाव लिहायचं. मुलांनी काय काढलं? फुलपाखरं, घरं, जेवणाचं टेबल, कधी रांग, कधी पहारेकरी. १९४४ च्या ऑक्टोबरात तिला आउश्वित्झला पाठवलं, तिथे ती मारली गेली. मुलांपैकीही बहुतेक गेली. पण सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये राहिली होती. युद्धानंतर ती प्रागला पोहोचली आणि आज तिथल्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत. काही पिंकास सिनेगॉगमध्ये लावलेली असतात.

तुओल स्लेंगचा चेहरा आणि तेरेझिनचं फुलपाखरू, दोन्ही मेलेल्या माणसांच्या खुणा आहेत. फरक असा की फोटोत मूल दुसऱ्याच्या हातात आहे. चित्रात खडू मुलाच्या हातात आहे. काय दाखवायचं ते त्यानेच ठरवलं. त्याला घर दाखवायचं होतं, मग आपण घर बघायचं. त्याचा मृत्यू आपल्याला माहीत आहे, पण चित्र त्याच्या मृत्यूबद्दल नाही. सहीमुळे ते चित्र ‘एका बळीचं’ राहत नाही, अमुक मुलाचं होतं.

त्याच पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोरावियातल्या सुमारे ७८ हजार बळींची नावं हाताने लिहिलेली आहेत. ही नावं पहिल्यांदा १९५०च्या दशकात लिहिली गेली. १९६८ मध्ये इमारत बंद झाली. कारण सांगितलं, ओल आली आहे. वीसेक वर्षं ती बंद राहिली आणि त्या काळात नावं गेली. राजवट बदलल्यावर १९९२ ते १९९६ या काळात ती सगळी पुन्हा लिहिली. ७८ हजार नावं, दुसऱ्यांदा. स्मारक एकदा बांधलं की काम संपलं असं ज्यांना वाटतं त्यांनी ही भिंत आठवावी. कोकणातल्या माणसाला ओल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

अडोर्नो या जर्मन तत्त्वज्ञाचा एक विचार या संदर्भात नेहमी सांगितला जातो. आउश्वित्झनंतर कविता लिहिणं रानटीपणाचं आहे, अशा आशयाचा. पुढे त्याने स्वतःच हे मत मवाळ केलं, ही गोष्ट सांगायची मात्र बरेचजण विसरतात. त्याची भीती खरी होती. कला सुंदर असते, आणि सौंदर्याने सुख होतं. कुणाच्या तरी यातनेतून आपण सुख काढत असू तर ते लज्जास्पद आहे. पण मला वाटतं, इतिहास आणि कला यांची इथे वाटणी करून घेतली पाहिजे. किती, कधी, कुणी, कुणाच्या हुकमाने, याचं उत्तर कागदपत्रं देतील. तिथे कलेने लुडबुड करू नये. पण आठ लाख हा आकडा मनात मावत नाही. रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत सुमारे तेवढी माणसं मारली गेली. किगालीचं स्मारक २००४ मध्ये उघडलं, तिथे अडीच लाखांवर माणसांचं दफन आहे. पण लोक थांबतात ते मुलांच्या खोलीत. तिथे एकेका मुलाचा मोठा फोटो आहे, घरच्यांनी दिलेला, हसरा. खाली त्याचं वय, आवडता खेळ, आवडता खाऊ, आणि ते कसं मेलं. आकडा डोक्याला कळतो. हे मूल मात्र आपल्या घरातल्या नातवंडासारखं वाटतं, आणि मग त्या आकड्यालाही वजन येतं.

आंबेनळी घाटापलीकडे

हे सगळं दूरदेशीचं झालं. आता घाट चढू. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, आणि तिथून पुढे पाचगणी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाचगणीत पोलिश निर्वासितांसाठी विश्रांतीचं आरोग्यकेंद्र होतं, पोलिश मुली तिथल्या शाळांत शिकत होत्या. आणि कोल्हापूरजवळ वळिवडेला १९४३ ते १९४८ या काळात त्यांची मोठी छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती. पंचगंगेकाठी एक पोलिश गावच वसलं होतं.

ही माणसं इथे आली कशी? १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडचा भाग सोव्हिएतांकडे गेला. १९४०-४१ मध्ये तिथल्या लाखो लोकांना मालगाड्यांतून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. एप्रिल १९४० च्या खेपेत मुख्यतः अटकेतल्या अधिकाऱ्यांची कुटुंबं होती. आणि त्याच महिन्यांत कॅटीन आणि इतर ठिकाणी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी आणि इतर कैदी गोळ्या घालून मारले गेले. बाई मुलांना घेऊन कझाकस्तानात पोहोचते आहे आणि नवरा आधीच खड्ड्यात आहे, तिला माहीत नाही. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर करार झाला, कैदी सुटले आणि इराणमार्गे काहीजण हिंदुस्थानात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना ठेवून घेतलं, आणि कोल्हापूरजवळ ही छावणी उभी राहिली.

याला वंशसंहार म्हणायचं का? अभ्यासकांत मतभेद आहेत. सोव्हिएत सत्तेने वर्ग म्हणून मारलं की राष्ट्र म्हणून, हा वाद आहे, आणि चांगल्या प्रदर्शनाने तो लपवू नये. मोठा शब्द वापरला की दुःख मोठं होत नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. कॅटीनची हत्या आपण केली हे सोव्हिएत सरकारने १९९० पर्यंत मान्य केलं नाही, आणि तोवर पोलंडमध्ये त्यावर उघड बोलायची सोय नव्हती. ज्या गोष्टीचं स्मारक स्वतःच्या देशात करता येत नव्हतं, तिची एक खूण कोल्हापुरात होती. छावणीत मेलेल्या पोलिश माणसांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. शहरातल्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे. २०१९ मध्ये खुद्द वळिवडेलाही स्मारक झालं. उलट बाजूने, वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली.

वळिवडेच्या गोष्टीत आणखी एक थर आहे. फाळणी झाली, पोलिश लोक हळूहळू गेले, आणि त्याच छावणीच्या जागी सिंधहून आलेले निर्वासित उतरले. त्यातून गांधीनगर उभं राहिलं. आज आपल्यातले काहीजण तिथे लग्नाचा कपडा घाऊक भावात घ्यायला जातात! एकाच्या परागंदा होण्याची जागा दुसऱ्याच्या परागंदा होण्याला उपयोगी पडली. वळिवडेच्या संग्रहालयाची कल्पना करताना मला वाटतं, त्यात या दोन्ही खोल्या असाव्यात.

मुंबईतही अशी खूण आहे, आणि ती तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. आकाशवाणी सुरू होताना वाजणारी ती धून वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराच्या नावे आहे. युरोपात ज्यूंवर संकट येत असताना, १९३४ मध्ये तो मुंबईत आला. रुडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर, इमॅन्युएल श्लेसिंजर ही माणसंही नाझींपासून दूर होऊन मुंबईत आली. १९४७ मध्ये रझा, सूझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला, तेव्हा त्यांना पाठबळ देणाऱ्यांत ही माणसं होती. आपल्या आधुनिक चित्रकलेच्या प्रदर्शनात हा संबंध एका पाटीवर तरी लिहिला जावा.

अवघड खोली

इथवर ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल. आपण आसरा देणारे! ते खरंच आहे. पण मी इथेच थांबलो तर व्याख्यान अर्धं राहील. दुसऱ्याने केलेल्या अत्याचाराचं संग्रहालय करणं सोपं असतं. बर्लिनमध्ये २००५ साली शहराच्या मध्यभागी २,७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं स्मारक झालं. ते मारल्या गेलेल्या ज्यूंचं आहे आणि मारणाऱ्यांच्या राजधानीत आहे. ही गोष्ट करायला त्या समाजाला साठ वर्षं लागली.

आपल्याकडे १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार खरे आहेत, ज्यांनी लढून ते संपवले त्यांचा मान खरा आहे. पण १९४८ च्या त्या कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत मुसलमान वस्त्यांचं काय झालं, हे पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली होती. समितीचा अंदाज होता की निदान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. त्याच अहवालात शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्याही नोंदी आहेत.

मुक्तिसंग्रामाच्या दालनांत पहिली गोष्ट असते, असलीच पाहिजे. दुसरी असते का? मी याला वंशसंहार म्हणत नाही, तो शब्द मी मघाशी जपून वापरायला सांगितला. पण दोन दुःखं एकमेकांना खोडत नाहीत. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला दार ठेवलं, तर पहिल्या खोलीचा मान कमी होत नाही. कुणाला हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. माझ्याच पिढीतल्या मित्रांशी यावर माझे वाद झालेले आहेत.

पुन्हा तळ्याकाठी

आता शेवटी आपल्या तळ्याकडे येऊ. तुलना म्हणजे बरोबरी नव्हे, हे आधीच सांगतो. चवदार तळं वंशसंहाराचं स्मारक नाही. पण आठवण कशी टिकते आणि कशी पुसली जाते, याचा धडा इथे आहे.

१९२३ चा मुंबई कायदेमंडळातला बोले यांचा ठराव, त्यानुसार १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं, आणि २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला. आणि मग काय झालं? १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून, मंत्र म्हणून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. पाण्यातून एक स्पर्श पुसायचा प्रयत्न. पुसण्याची ही वृत्ती मला त्रेब्लिंकाच्या नांगरलेल्या शेतातही दिसते. प्रमाण वेगळं, भयानकता वेगळी, पण ‘इथे काही झालंच नाही’ असं म्हणण्याची धडपड तीच.

पुढे कोर्टात दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. विरोधकांचं म्हणणं काय होतं? की अनादि काळापासून ही वहिवाट आहे. म्हणजे भांडण आठवणीचंच होतं. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. मोठ्या आवाजात सांगितलेली आठवण पुराव्यापुढे टिकली नाही. संग्रहालयाची गरज मला यापेक्षा नीट सांगता येणार नाही.

तळ्याची दुसरी गोष्ट अशी की ते नुसतं बघायचं स्मारक नाही. दर २० मार्चला लोक येतात आणि पाणी हातात घेतात. आपल्या आजोबाने जे केलं ते नातू पुन्हा करतो. प्रागच्या भिंतीवर नावं पुन्हा लिहिणारे हात आणि तळ्यात ओंजळ घालणारे हात मला एकाच जातीचे वाटतात. इथे ‘जातीचे’ हा शब्द वापरल्याबद्दल माफ करा, पण तो मुद्दामच वापरला!

दोन वर्षांपूर्वी एक जुना विद्यार्थी माझ्याकडे आला होता. आता तो शिक्षक आहे. २०२१ च्या पुरात भिजलेला एक अल्बम त्याने आणला होता, नातेवाइकांच्या घरचा. चिखलाने फोटो एकमेकांना चिकटलेले, निम्मे चेहरे गेलेले. शाळेत प्रदर्शन करायचं म्हणत होता. विचारलं, सर, हे लावू का? मी त्याला म्हटलं, आधी त्या घरच्यांना विचार. ते हो म्हणाले तर नावं लिही, सगळी. फोटो कुणी काढला, कुठल्या लग्नातला आहे, ते लिही. चिखल पुसू नकोस आणि त्याचं कौतुकही करू नकोस. आणि मुलांना सांग, त्यांना जे आठवतं त्याचं चित्र काढा, खाली सही करा.

ते हो म्हणाले नाहीत. घरातल्या बाईंनी सांगितलं, अजून नको. त्याने अल्बम परत केला. प्रदर्शन मुलांच्या चित्रांचं झालं. दरडीचं चित्र फार थोड्यांनी काढलं होतं. बहुतेकांनी घर काढलं होतं, अंगणासकट, आणि प्रत्येक चित्राखाली सही होती.

मला जे सांगायचं होतं ते एवढंच. तुमचे प्रश्न असतील, ते आता घेऊ.